घरातलं पहिलं बोन्साय : जेड घ्यावं की फायकस? मराठवाड्यातल्या घरांसाठी

नर्सरीत जाऊन 'घरात ठेवायचं बोन्साय द्या' म्हटलं की बहुतेक वेळा तीन झाडं पुढे येतात : फायकस, जेड आणि ज्युनिपर. ज्युनिपरचा विषय आधीच मिटवू. दिसायला ते सगळ्यात देखणं, पण त्याला वर्षातून काही आठवडे खरी थंडी आणि कायम मोकळी हवा लागते. बंद खोलीत ते टिकत नाही, आणि मुळं मेल्यावरही पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात. त्यामुळे माणूस मेलेल्या झाडाला पाणी घालत बसतो. लातूर-परभणीच्या घरात ज्युनिपर आणू नका. खरी निवड जेड आणि फायकस या दोघांतच आहे.

जेड म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात. मोठ्या, जाड, चमकदार पानांचं एक. दुसरं बारीक गोल पानांचं आणि तांबूस काड्यांचं, मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, जिथे हत्ती ते आवडीने खातात. बोन्सायला हे दुसरं घ्यावं, कारण लहान पानांमुळे छोट्या झाडातही मोठ्या वृक्षाची ठेवण दिसते. फायकस म्हणजे आपल्या वड-पिंपळ-उंबराच्याच कुळातलं झाड. घरासाठी त्यातली लहान पानांची जात मिळते, आणि फुगलेल्या मुळांची 'जिनसेंग' म्हणून विकतात तीही त्यातलीच. जुन्या दगडी भिंतीच्या फटीतून उपटलेलं पिंपळाचं रोप फुकट मिळतं खरं, पण त्याचं पान मोठं आणि देठ लांब. सुरुवात त्यापासून नको.

दोघांत सगळ्यात मोठा फरक पाण्याचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये माती असते जेमतेम दोन-तीन मुठी. फायकसचा ट्रे त्या दिवसांत सकाळी भिजवला तरी संध्याकाळी कोरडा पडू शकतो. त्यात लगीनसराई. आठ दिवस घराला कुलूप लागलं तर फायकस जगेल याची खात्री कुणी देऊ नये. जेड मात्र पानांत पाणी साठवतं आणि पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, म्हणून दिवसाच्या उन्हात त्याचं पाणी फारसं उडत नाही. आठ-दहा दिवस कुणी विचारलं नाही तरी फार तर पानं सुरकुततात आणि पाणी मिळालं की पुन्हा टरारतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला किंवा आठवड्याने नळ येणाऱ्या शहराला हा गुण सांगावा लागत नाही.

पावसाळ्यात मात्र पारडं फिरतं. रोजच्या सवयीने जेडला पाणी घालत राहिलात तर खोड बुडाशी मऊ पडतं आणि पानं हात लावताच गळतात. ही मूळकूज. जेड पाण्यावाचून क्वचित मरतं, पाण्याने हमखास मरतं. फायकसला ओल चालते, पण साचलेलं पाणी त्यालाही नको. दोघांसाठी एकच उपाय : उदबत्तीची जुनी काडी मातीत खोचून ठेवा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर निघाली तर पाणी नको. जेडला काडी कोरडी निघाल्यावरही एक-दोन दिवस थांबावं.

बोअरचं पाणी जड असतं हे आपल्याला भांड्यावरच्या पांढऱ्या थरावरून कळतं. तोच थर ट्रेच्या कडेला आणि खोडाच्या बुडाशी चढतो, आणि फायकसच्या पानांच्या कडा तपकिरी होतात. महिन्यातून एकदा साठवलेल्या पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याने माती भरपूर धुवून काढावी. घरच्या आरओतून वाया जाणारं पाणी कुंडीला अजिबात नको, क्षार त्यातच जास्त असतात.

उजेडाच्या बाबतीत फायकस समजूतदार. पूर्वेच्या खिडकीत चार तास कोवळं ऊन मिळालं तरी ते भागवतं. जेडला जास्त ऊन हवं, नाहीतर काड्या लांबट होतात आणि दोन पानांतलं अंतर वाढत जातं. जाड भिंतींच्या, लहान खिडक्यांच्या माळवदाच्या घरात उन्हाळा सुखाचा जातो, पण आतल्या खोलीत दोन्ही झाडं झुरतील. तिथे ओसरीच योग्य. जागा बदलल्यावर फायकस बरीच पानं टाकतं. घाबरून पाणी वाढवू नका. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे.

मातीचं थोडक्यात : आपली काळी माती कपाशीला चांगली असली तरी ट्रेला नाही. ओली झाली की फुगून मुळांचा श्वास कोंडते, वाळली की भेगाळते. विटांचे बाजरी-ज्वारीएवढे तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरे. जेडसाठी खत आणखी कमी.

आता किडी. इथे नवखा माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो, आणि दोघांची दुखणी वेगळी आहेत. जेडचा मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण, कपाशीवरून आपल्याला ओळखीचा. पान आणि काडीच्या बेचक्यात कापसाचा बारीक पुंजका चिकटल्यासारखा दिसतो. पुंजके मोजके असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, आणि आठवड्या-आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा तेच करा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात. एवढं करूनही झाड खंगत असेल तर ट्रेतून उचलून मुळं पाहा. तिथेही पांढरे पुंजके असू शकतात. जेडवर साबणाच्या पाण्याची किंवा तेलाची फवारणी जपून. आधी एका फांदीवर करून दोन दिवस थांबा.

फायकसवर तीन पाहुणे येतात. खवले कीड पानाच्या मधल्या शिरेवर तपकिरी टिकल्यांसारखी बसते. ती हलत नाही, म्हणून कीड वाटतच नाही. खालच्या फरशीवर चिकटा पडला, मुंग्यांची रांग लागली किंवा पानांवर काजळी धरली की टिकल्या शोधाव्यात आणि जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढाव्यात. फुलकिडे कोवळं पान मधोमध मिटवून आत लपतात आणि वर जांभळट ठिपके उठतात. मिटलेल्या पानात फवारा पोचत नाही, तेव्हा पान तोडून पिशवीत बंद करून टाकणं हाच उपाय. तिसरा लाल कोळी, तो उन्हाळ्याचा. पान फिकट, बारीक ठिपक्यांचं दिसलं तर खाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालू लागले, तर कोळीच. तो कीटक नाही, म्हणून मावा-तुडतुड्यांवरची कित्येक औषधं त्याच्यावर चालत नाहीत. ट्रे प्लॅस्टिकने झाकून झाड आडवं धरावं आणि पानांची खालची बाजू नळाच्या धारेने धुवावी. त्यानंतर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. कूलरची ओलसर हवा खोलीत असली की कोळी आटोक्यात राहतो, फक्त झोत थेट झाडावर नको.

शेतात फवारून उरलेलं औषध घरात कधीही मारू नका. बंद खोलीत लेकरं झोपतात, आणि एका झाडासाठी ते विष घेण्याचं काहीच कारण नाही. फायकसचा पांढरा चीकही कातडीला चुरचुरतो. छाटल्यावर हात धुवावेत आणि मांजर-कुत्र्याला पानं चघळू देऊ नयेत.

आकार देण्याची हौस असेल तर फायकस उजवं. त्याच्या फांद्या तारेने वळतात, कडक छाटणीनंतरही फुटवे येतात आणि जून-जुलैत कुंडी बदलली की लवकर सावरतं. जेडची फांदी तारेत मोडते किंवा तिच्यावर वळ उमटतो, त्यामुळे तिथे कात्रीवरच भागवायचं. मात्र तोडलेली काडी चार दिवस सुकवून मातीत खोचली की नवं झाड तयार, म्हणजे शिकायला माल आपोआप मिळतो.

माझं मत विचाराल तर नोकरीनिमित्त घर दिवसभर बंद असणाऱ्याने, वरचेवर गावी जाणाऱ्याने आणि गच्चीचं किंवा दक्षिणेचं ऊन असणाऱ्याने जेड घ्यावं. घरात आजी-आजोबा किंवा सकाळ-संध्याकाळ झाडाकडे पाहणारं कुणी असेल, खिडकी पूर्वेची असेल आणि हात शिवशिवत असतील, तर फायकस. दोन्हींत मन अडकलं असेल तर पहिल्या उन्हाळ्यासाठी जेड आणि जून उजाडल्यावर फायकस.

विकत घेताना ट्रे उचलून तळाला भोक आहे का ते पाहा. वर रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर घरी आल्यावर ते काढून टाका, पाणी आत शिरतच नाही. जिनसेंग फायकसवर वरची फांदी कलम केलेली असते. कलमाच्या खालून वेगळ्या पानाचा फुटवा आला तर तो लगेच खुडा. आणि नवं झाड दोन-तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवून रोज पानं उलटी करून बघा.