वाढत्या अंगाचा ड्रायव्हर

मे २०२३. बाहेर नागपूरचं ऊन, खोलीत कुलरची घरघर आणि फोनवर सक्करदऱ्याचे मिस्त्री. "ताई, कस्टमर बसून राहिलं ना इथं. व्ह्यू पाठवून राहिल्या ना?" व्ह्यू, म्हणजे किचनचं संगणकावर बनवलेलं चित्र, आदल्या रात्रीच तयार झाला होता. तो ज्या संगणकात होता त्याचा पडदा मात्र काळा ठिक्कर पडला होता. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही.

लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, आणि ड्रायव्हर म्हणजे तिला ग्राफिक्स कार्ड वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरची आणि माझी ओळख या दुपारमुळे झाली. एरवी असल्या सॉफ्टवेअरबद्दल कोण लिहिणार? चार बटणांची खिडकी आहे. पण ती खिडकी गेली अडीच वर्षं माझं पोट सांभाळते आहे.

मी प्रतापनगरात घरूनच मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबचे थ्रीडी व्ह्यू करून देते. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर. संगणक सेकंडहँड, त्यात एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, सहा जीबीचं. एका स्वयंपाकघराचा व्ह्यू नुसत्या प्रोसेसरवर चाळीस मिनिटं घेतो, कार्डावर अकरा. दिवसाला पाच-सहा व्ह्यू द्यायचे असले की या फरकावर घर चालतं. त्यामुळे कार्ड चालू असणं म्हणजे दुकान उघडं असणं.

तर झालं असं की संगणक बर्डीवरून घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं मिंट टाकून दिलं आणि एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हरची फाईलही उतरवून बसवली. "एकदम लेटेस्ट टाकून दिलं मॅडम, आता टेन्शनच नाही." तीन आठवडे खरोखरच नव्हतं. मग अपडेट मॅनेजरनं नवा कर्नल आलाय म्हणून सांगितलं, मी नेहमीप्रमाणे हो म्हटलं, संगणक पुन्हा चालू केला, आणि वर सांगितलेली दुपार उजाडली.

काऊन झालं, ते मला वर्ध्याच्या मावसभावानं फोनवर समजावलं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि तो दर काही आठवड्यांनी बदलतो. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा एक भाग त्या गाभ्याच्या मापाचा शिवावा लागतो. शाळेत जाणाऱ्या पोरीचा युनिफॉर्म धरा. दुकानातल्या पोरानं बसवलेला ड्रायव्हर त्या दिवशीच्या मापाला तंतोतंत शिवला होता. पोरगी वाढली, युनिफॉर्म अंगात जाईना. लिनक्समध्ये डीकेएमएस नावाचा एक शिंपी असतो. नवा कर्नल आला की तो आपण होऊन नवं माप घेतो आणि ड्रायव्हर परत शिवतो. ती उतरवलेली फाईल बसवताना "डीकेएमएसकडे नोंद करू का?" असं विचारते म्हणे. पोरानं नाही म्हटलं असणार. किंवा वाचलंच नसणार, ते जास्त खरं वाटतं.

सुटका सोपी निघाली, हे जास्त चिडवणारं होतं. संगणक चालू होताना एस्केप दाबायचं, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जायचं आणि जुना कर्नल निवडायचा. जुनी पोरगी, जुना युनिफॉर्म, सगळं फिट. पाच वाजता व्ह्यू गेला. कस्टमर तोवर उठून गेलं होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त पुढचे दोन व्ह्यू त्यांनी दुसरीकडून करून घेतले.

त्या रात्री उतरवलेला ड्रायव्हर काढून टाकला आणि पहिल्यांदा ड्रायव्हर मॅनेजर उघडला.

वर कार्डाचं नाव, खाली ड्रायव्हरांची यादी, एकापुढे 'रेकमेंडेड'. गोल ठिपका निवडा, 'अप्लाय चेंजेस' दाबा, तीन-चारशे एमबी उतरू द्या, संगणक पुन्हा चालू करा. झालं. इथून बसवलेल्या ड्रायव्हरला मापाचं बघणारं कुणीतरी कायम असतं, त्यामुळे त्यानंतर कर्नल कितीदा बदलला याचा मी हिशोबही ठेवलेला नाही. या खिडकीला मी पाचपैकी चार तारे देते, त्यातले तीन एवढ्यासाठीच.

आता यादीबद्दल. एकाच आकड्याचे तीन-तीन भाऊ दिसतात: एक साधा, एकाच्या शेपटीला 'ओपन', एकाच्या 'सर्व्हर'. कोण कशासाठी, याचं एक वाक्यही खिडकीत नाही. मी शोधून काढलं ते असं. 'सर्व्हर' मोठ्या डेटा सेंटरच्या यंत्रांसाठी, आपण त्याच्या वाटेला जायचं नाही. 'ओपन' म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलकडचा भाग खुल्या सोर्सचा, कुणालाही वाचता येईल असा. एनव्हिडियानं तो मे २०२२ मध्ये खुला केला, आणि जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० या पिढीपासून पुढच्या कार्डांना चालतो. आरटीएक्स ५० च्या कार्डांना तर तोच लागतो. यादीच्या तळाशी 'नुव्हो' असतो, तो एनव्हिडियाचा नव्हे. बाहेरच्या लोकांनी कार्डाचं वागणं बघून-बघून तो लिहिला. पडदा दिसायला पुरतो, पण ब्लेंडरला कार्डाकडून काम करून घ्यायला लागणारं एनव्हिडियाचं कूडा त्यात नाही, म्हणजे माझ्या लेखी शोभेचं कार्ड. एवढं त्या खिडकीत लिहायला काय हरकत होती? माझी सासूसुद्धा कुरड्यांच्या डब्यावर 'तिखट' आणि 'फिकी' लिहून ठेवते.

दुसरी अडचण सेक्युअर बूटची, म्हणजे संगणक चालू होताना ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणाऱ्या पहाऱ्याची. ज्यांच्या संगणकात ते चालू आहे त्यांना ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आठ ते सोळा अक्षरांचा. लोकांना वाटतं हा नेहमीचाच पासवर्ड. तो नव्हे. संगणक पुन्हा चालू झाला की एक निळा पडदा येतो, 'कोणतंही बटण दाबा' म्हणतो आणि दहा सेकंद मोजतो. माणूस चहा ठेवायला गेलेला असतो. दहा सेकंद संपली की तो पडदा मुकाट्यानं निघून जातो, संगणक नीट चालू झाल्यासारखा दिसतो, पण ड्रायव्हर आत येत नाही, कारण त्याच्या सहीला कुणी ओळख दिलेली नाही. थांबून बटण दाबायचं, 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस', मग तो ठरवलेला पासवर्ड, मग रीबूट. पासवर्ड नुसत्या आकड्यांचा ठेवा, कारण त्या पडद्यावर टाइप करताना काहीच उमटत नाही. मिंटच्या २१.१ आवृत्तीत या सेक्युअर बूटच्या भागाची डागडुजी झाली, त्याआधी म्हणे हा पासवर्डचा प्रश्न नीट विचारलाही जात नसे. (मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. २१.१ म्हणजे व्हेरा. माझी सुरुवात तिच्यापासून.)

मग ड्रायव्हर नवा करायचाच कशाला? हा प्रश्न मला सगळे विचारतात, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. वेगासाठी नाही. माझा अकरा मिनिटांचा व्ह्यू ५२५ आकड्याच्या ड्रायव्हरवर अकरा मिनिटांत व्हायचा, ५३५ वर अकरा, ५५० वर अकरा. गेम खेळणाऱ्यांचं गणित वेगळं असेल. माझ्यावर ड्रायव्हर बदलायची वेळ आली ती २०२३ च्या हिवाळ्यात, एका बंगल्याचा वॉकथ्रू व्हिडिओ केडेनलाइव्ह या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमधून काढताना. कार्डाकडून व्हिडिओ बांधून घ्यायला गेले तर लालमध्ये उत्तर: निदान ५३०.४१.०३ ड्रायव्हर पाहिजे. माझ्याकडे ५२५. म्हणजे सॉफ्टवेअर पुढं गेलं आणि मी मागं राहिले. अशा वेळी बदलावं, किंवा सुरक्षेची दुरुस्ती आली असेल तर. आणि मिंट तुमच्या निवडलेल्या ड्रायव्हरच्या बारीक दुरुस्त्या अपडेट मॅनेजरमधून देतच असतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

५३५ निवडला, बसला. पण केडेनलाइव्ह कार्ड ओळखेना. कारण माझं केडेनलाइव्ह फ्लॅटपॅकमधलं, म्हणजे लागेल ते सगळं सोबत घेऊन येणाऱ्या बंद पाकिटातलं, आणि फ्लॅटपॅक आपला ड्रायव्हरचा वेगळा डबा बाळगून असतं. तो बाहेरच्या ड्रायव्हरशी आकड्याला आकडा जुळावा लागतो. अपडेट मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅकची अपडेटंही दिसतात, ती घेतली की नवा डबा येतो. जुने डबे मात्र तसेच पडून राहतात, काहीशे एमबीचा एकेक. ड्रायव्हर मॅनेजरला या प्रकरणाचा पत्ताच नाही. अर्धा तारा इथं गेला.

एकदा मात्र मी स्वतःच गाढवपणा केला. रेंडर, म्हणजे व्ह्यूचं चित्र बनणं, चालू असताना बाजूला अपडेटं घेत बसले आणि ड्रायव्हरचंही घेतलं. चालू असलेलं रेंडर पूर्ण झालं, पण ब्लेंडर बंद करून उघडलं तर सेटिंगमधून कार्डच गायब. टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची हालहवाल सांगणारी आज्ञा चालवली तर 'ड्रायव्हर-लायब्ररी व्हर्जन मिसमॅच'. मी घाबरून मावसभावाला फोन केला.

"ताई, रीस्टार्ट केलं का?"

"नाही."

"मग कर ना बाप्पा. उगाच टेन्शन घेऊन राहिली."

जुना ड्रायव्हर स्मरणात बसलेला आणि नवा डिस्कवर आलेला, दोघांचं पटेना, एवढंच. रीस्टार्टनं मिटलं. तेव्हापासून मी ड्रायव्हर आणि कर्नल फक्त रविवारी सकाळी घेते, पोहे खाऊन, काहीही द्यायचं नसताना. आणि त्याआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट. हे मिंटमध्ये आधीपासून असतं. ते तुमच्या फाईलींना हात लावत नाही, फक्त प्रणालीचा फोटो काढून ठेवतं. गेल्या जूनच्या वादळात दिवे गेले, माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, ड्रायव्हर अर्धा बसलेला. त्या रात्री कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून काळ्या पडद्यावर टाइमशिफ्ट चालवलं आणि वीस मिनिटांत सकाळच्या अवस्थेत आले. नवी बॅटरी दुसऱ्या दिवशी घेतली, सांगायला नकोच.

हे कोणी वापरावं, त्याबद्दल सांगण्याजोगं आणखी थोडं. ज्यांच्याकडे एएमडीचं कार्ड आहे त्यांनी ही खिडकी उघडूच नये. त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि बाकीचा भाग मेसा नावाच्या ग्राफिक्सच्या संचामध्ये, दोन्ही नेहमीच्या अपडेटांबरोबर येतं. माझ्या पुतण्याचा लॅपटॉप असा आहे आणि तो माझ्याकडे कीवेनं बघतो. इंटेलवाल्यांचंही तसंच. मावसभावाकडे जीटीएक्स १०५० टीआय आहे, २०१६ चं. त्या पिढीला एनव्हिडियाच्या ५८० या शाखेपुढं जागा नाही. म्हणजे ५९० यादीत दिसलं तरी त्याच्या कामाचं नाही. त्यानं ५८० वर मुक्काम टाकलाय आणि मला फोनवर ज्ञान देणं थोडं कमी केलंय. माझं १६६० सुपर एक पिढी पुढचं, म्हणून अजून यादीत आहे.

लेटेस्टचा सोस असणाऱ्यांसाठी बाहेरची रेपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरचं कोठार, जोडायची सोय आहे. मी जोडली नाही. मिस्त्री आता परत येतात, आणि त्यांच्या कस्टमरला ड्रायव्हरचा आकडा दिसत नाही, ट्रॉलीचा रंग दिसतो.

आत्ता हे लिहिताना खालच्या पट्टीतल्या अपडेट मॅनेजरच्या ढालीवर ठिपका आलाय. नवा कर्नल. आज गुरुवार, शनिवारपर्यंत मानेवाड्याच्या एका किचनचे तीन व्ह्यू द्यायचे आहेत. राहू दे ठिपका.