टीव्हीचा मॉनिटर करून सात महिने: ताणलेलं चित्र आणि ‘पीसी’ हे नाव

मॉनिटर बंद पडला तो ऐन कामाच्या गर्दीत. मी मुद्रितशोधन करते, दिवसाचे आठ-नऊ तास डोळ्यांसमोर मराठी मजकूर असतो. घरात 32 इंची फुल एचडी टीव्ही होता, दीड वर्षाचा, दिवसभर बंदच. चांगला पडदा घरात असताना नव्या मॉनिटरवर पैसे घालणं मला पटेना. ड्रॉवरमधली जुनी व्हीजीए केबल, म्हणजे पडदा कॉम्प्युटरला जोडायची जुन्या पद्धतीची पिनांची केबल, काढून जोडली. चित्र आलं, पण आडवं ताणलेलं. फोटोतली माणसं रुंद, आयकॉन बसके, ‘ठ’चं वर्तुळ वरून दाबल्यासारखं चपटं.

टीव्ही वॉरंटीत होता म्हणून तक्रार नोंदवली. तंत्रज्ञ आले, सेटटॉप बॉक्सवर चित्र बघितलं, ते व्यवस्थित होतं. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून दिलं आणि जाताना सांगितलं, टीव्हीवर कॉम्प्युटर असाच दिसतो. नंतर मी तीन फोन केले. माझं म्हणणं एवढंच होतं की दोष नसेल तर सेटिंग सांगा. तिसऱ्या फोनवर मला पॅनेल बदलायला किती खर्च येईल ते ऐकवण्यात आलं. ज्यात दोष नाही असं लेखी दिलंय, ते बदलायचं कशाला? याचा राग अजून गेलेला नाही.

मग मी स्वतःच मोजायला बसले. पेंटमध्ये शिफ्ट दाबून अचूक वर्तुळ काढलं आणि पडद्याला पट्टी लावली. उंची 18 सेंटिमीटर, रुंदी 24. म्हणजे बरोबर एक तृतीयांश जास्त. 4:3 आकाराचं चित्र 16:9 पडद्यावर कडेपर्यंत ओढलं की नेमकं एवढंच रुंद होतं. विंडोजमध्ये पाहिलं तर रिझोल्युशन, म्हणजे चित्रातले आडवे आणि उभे ठिपके, 1024×768, आणि यादीत त्याच्या वरचं काहीच नाही. टीव्ही बिचारा मिळालेलं चित्र पडदाभर पसरवत होता. गोंधळ कॉम्प्युटरच्या बाजूला होता.

त्याचं कारण केबलच्या टोकाला निघालं. मॉनिटर असो की टीव्ही, आपण कोणते आकार दाखवू शकतो ही माहिती तो कॉम्प्युटरला कळवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ भाग अवघा 128 बाइटचा. व्हीजीएमध्ये ती 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून जाते. ती पोचली नाही तर कॉम्प्युटर समोर काय आहे हे न कळता जुना, सुरक्षित आकार पाठवतो. मी टॉर्च लावून पाहिलं: पाच-पाच पिनांच्या तीन ओळी, आणि तिसऱ्या ओळीतली दुसरी पिन, म्हणजे 12 नंबर, मुळापासून मोडलेली. (9 नंबरची नसेल तर घाबरू नका, बऱ्याच केबलींत ती नसतेच.)

तोवर मी टीव्हीच्या मेनूत 4:3 निवडून काम चालवलं होतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, वर्तुळ गोल झालं, पण अक्षरं धूसर. चित्राच्या 768 ओळी फुल एचडी पडद्याच्या 1080 ओळींवर बसवायच्या म्हणजे एकेका ओळीला जवळजवळ दीड ओळ येते, ती नीट बसणार कशी? आकार सुधारला म्हणजे चित्र सुधारलं असं नाही, हे तिथे कळलं.

पुढे नव्या पद्धतीची, एचडीएमआय केबल आणली. 1920×1080 आपोआप आलं, वर्तुळ गोल. पण आता चारही कडा कापलेल्या. टास्कबार अर्धा खाली गेलेला, घड्याळ दिसेना. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडेचं चित्र वेडंवाकडं यायचं, म्हणून ते चौकटीबाहेर ढकलत असत. सपाट पडद्याला त्याची काही गरज नाही, तरी कित्येक टीव्ही आजही थोडं मोठं करून कडा कापतात.

इथे मी चूक केली. कॉम्प्युटरमध्ये चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये चित्र लहान करायची सरकपट्टी असते, ती सरकवून चित्र पडद्यात बसवलं आणि काम झालं असं मानलं. मुळात झालं असं की कॉम्प्युटर चित्र आकसवतो आणि टीव्ही ते पुन्हा फुगवतो. दोनदा मोडतोड. दोन महिने मी तसंच वाचत राहिले. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे आणि मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत होते की टीव्हीचा मॉनिटर करू नका, मजकुराच्या कामाला तर मुळीच नको. हे मत आता मी मागे घेते आहे.

माझा सगळा जीव अनुस्वारात अडकलेला असतो. नेहमीच्या अक्षराच्या आकारात तो दोन-तीन ठिपक्यांचा असतो. चित्र आकसून-फुगून आलं की तो करडा डाग होतो, आणि ‘लेखकांना’ व ‘लेखकाना’ यांतला फरक अंदाजाने ठरवावा लागतो. एका पुस्तकात अशी तीन ठिकाणं माझ्या नजरेतून सुटली. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

आणि मग चौथ्या महिन्यात, सेटटॉप बॉक्स कुठल्या पोर्टवर आहे हे लक्षात राहावं म्हणून मी इनपुटना नावं द्यायला गेले. यादीत डीव्हीडी, केबल, गेम, पीसी अशी तयार नावं होती. दुसऱ्या एचडीएमआयला ‘पीसी’ नाव दिलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि चित्र परत आलं ते वेगळंच. चारही बाजूंना काळी चौकट होती, कारण माझी जुनी पट्टी सरकवलेलीच होती. ती शून्यावर आणली आणि प्रत्येक अनुस्वार टोचल्यासारखा स्वच्छ उभा राहिला. मी उठून पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ नुसती वाचत बसले.

ते नाव म्हणजे लेबल नव्हतं, सेटिंग होतं! त्याने कडा कापणं थांबतं, चित्रावरची बरीचशी प्रक्रिया बंद होते आणि रंगही पूर्ण येतात. एरवी अनेक टीव्ही शेजारच्या दोन किंवा चार ठिपक्यांना मिळून एकच रंग देतात. सिनेमात ते कळत नाही, पण माझ्या लाल दुरुस्त्यांच्या कडा विसविशीत दिसायच्या त्या यामुळेच. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत एका ओळीत सांगता आली असती. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे, त्यात नाही.

सगळ्या टीव्हींत ही किल्ली नावातच असेल असं नाही. चित्राच्या आकाराच्या मेनूत एलजीच्या संचांत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगच्या ‘स्क्रीन फिट’, सोनीच्या ‘फुल पिक्सेल’, शार्पच्या ‘डॉट बाय डॉट’ असे शब्द सापडतात, मॉडेलप्रमाणे बदलतात. काम झालं का हे बघायला एक आड एक काळा-पांढरा ठिपका असलेलं बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र पूर्ण पडद्यावर लावा. ठिपक्याला ठिपका बसला असेल तर लांबून एकसारखा करडा रंग दिसतो, नाहीतर पट्टे आणि लाटा दिसतात. माझ्याकडे आधी लाटा होत्या. शार्पनेसही शून्याकडे आणा, अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाते.

1366×768 पडद्याच्या टीव्हीत मात्र एचडीएमआयवर पुष्कळदा 1280×720 किंवा 1920×1080 एवढेच पर्याय मिळतात, म्हणजे ठिपक्याला ठिपका बसतच नाही. तिथे सगळ्या पिना शाबूत असलेली व्हीजीए केबलच जास्त स्वच्छ चित्र देऊ शकते. जुने 4:3 खेळ ताणले जात असतील तर ग्राफिक्स कार्डाच्या स्केलिंगमध्ये आकाराचं प्रमाण राखण्याचा पर्याय निवडा.

बाकी किरकोळ. इंचाला साधारण 69 ठिपके आहेत, त्यामुळे हातभर मागे सरकून बसावं लागतं. चार तास रिमोटला हात लावला नाही की टीव्ही स्वतः बंद होतो, तो पर्याय मेनूत जाऊन काढावा लागला.

गेल्या महिन्यात सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि सकाळी टास्कबार पुन्हा अर्धा गायब. दुसऱ्या एचडीएमआयचं नाव पुसलं गेलं होतं. आता रिमोटच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘एचडीएमआय 2, नाव पीसी, ग्राफिक्सची पट्टी शून्य.’