इशारे देणारं प्रिस्क्रिप्शन सॉफ्टवेअर: गर्दीच्या ओपीडीतला अनुभव

इंदूरला रामबागेतल्या आमच्या दवाखान्यात हे सॉफ्टवेअर पावसाळ्याआधी बसवलं. आता थंडी पडली, म्हणजे मत द्यायला हरकत नाही. औषधांची जाण त्याला भरपूर आहे, दवाखान्याची कमी.

आधी कौतुक. संधिवाताच्या पेशंटला मेथोट्रेक्सेट लिहायला घेतलं की 'रोज' हा पर्यायच दिसत नाही. 'आठवड्यातून एकदा' आधीच भरलेलं असतं, वार निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि तो वार चिठ्ठीवर ठळक छापून येतो. आठवड्याची गोळी रोज घेऊन तोंड आलेले, पेशी घसरलेले पेशंट ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं मोल सांगायला नको. पॅरासिटामॉलची बेरीजही छान करतं. आपल्याकडे सर्दीच्या गोळीत ते, अंगदुखीच्या गोळीतही तेच. ब्रँडचं नाव टाकलं तरी आतले घटक मोजून दिवसाचे ४ ग्रॅम ओलांडले की अडवतं.

दुखणं इशाऱ्यांचं आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र लिहिलं तरी लाल चौकट, आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असलेल्या आजींना मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहिलं, जिथे आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप) चढून रक्तस्राव होऊ शकतो, तरी तीच लाल चौकट. त्यात 'तरीही द्या' हे बटण नेमकं 'पुढे'च्या जागी. संध्याकाळी बाहेर बाकं भरलेली असताना बोट आपसूक तिथेच जातं. कारण लिहायच्या रकान्यात आमच्या डॉक्टरबाई नुसतं टिंब देतात, आणि तेही मुकाट स्वीकारलं जातं!

कंपनीचा मुलगा एसयूएसचा, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे हे मोजायचा, फॉर्म घेऊन आला. १९८६ पासून चालत आलेले तेच दहा प्रश्न. शंभरपैकी ६८ च्या वर गुण गेले की सरासरीपेक्षा बरं. मी गुण चांगलेच दिले, पडदा खरंच सुटसुटीत आहे. पण बोट कुठे घसरतं हे फॉर्मला कसं कळणार? त्याला म्हटलं, "अरे, सोमवारी ये. पेशंटला विचारून मागे स्टुलावर बस, मध्ये बोलू नकोस, नुसतं बघ." आला बिचारा, आणि वही भरून घेऊन गेला.

नव्या अपडेटमध्ये वॉरफरिनचा इशारा पूर्ण पडदाभर येतो, शेवटचा आयएनआर विचारतो; लोह-कॅल्शियम खाली एका ओळीत गेलंय. टिंब अजून चालतं.

घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण डेमो दुपारच्या निवांत वेळी नको, ऐन ओपीडीत मागा.