कॅम्पातली विटांची भट्टी: ब्रून घ्या, केक राहू द्या

पुण्याच्या कॅम्पात शिवाजी मार्केटजवळच्या गल्लीतली ही छोटी बेकरी पाटी वाचून सापडत नाही, पाटी केव्हाच पुसट झाली आहे. दुपारी चारनंतर भाजल्या पावाचा वास येतो, त्या दिशेने चालत राहायचं.

भट्टी घुमटाकार, तळापासून छतापर्यंत विटांची. लाकूड आतच पेटवतात. विटा पुरेशा तापल्या की निखारे आणि राख ओढून काढतात, ओल्या गोणपाटाने तळ पुसून घेतात आणि मग लांब दांड्याच्या फळीने माल आत सरकवतात. म्हणजे पाव भाजताना आत जाळ नसतोच; काम करते ती विटांनी धरून ठेवलेली उष्णता. ती तासातासाने उतरत जाते, म्हणून मालाचा क्रमही ठरलेला: आधी ब्रून (कुरकुरीत सालीचा पाव) आणि कडक पाव, मग लादी, मग खारी-नानकटाई. टोस्ट सगळ्यात शेवटी, निवत चाललेल्या भट्टीत रात्रभर. म्हणूनच इथला टोस्ट मधोमधसुद्धा खुटखुटीत असतो, चहात बुडवला तरी लगेच गळून पडत नाही.

भट्टी तयार झाली का, हे तळावर चिमूटभर मैदा टाकून पाहतात. काही सेकंदांनी तांबूस झाला तर ठीक. टाकताक्षणी काळा पडला तर थांबायला हवं. इथे थांबायचा धीर कधी कधी कमी पडतो. मग पहिल्या खेपेतला ब्रून बुडाला करपतो आणि आत ओलसर राहतो. दुसऱ्या खेपेचा मागा. उलटा करून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे.

लादी चांगली आहे, पण अगदी हलकी नाही, आणि ते बरंच आहे. पीठ साधं: किलोभर मैद्याला सुमारे 600 मिली पाणी, 18 ते 20 ग्रॅम मीठ, यीस्ट. कापसासारखा फुगलेला पाव म्हणजे उत्तम पाव, ही समजूत जुनी; त्यासाठी पूर्वी सर्रास वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) 2016 मध्ये बंद केलं. एप्रिल-मेमध्ये मात्र लादी जपून घ्या. त्या उकाड्यात यीस्ट कमी केलं नाही किंवा बर्फाचं पाणी वापरलं नाही, तर पीठ जास्त फुगून बसतं. पाव चपटा निघतो, आंबूस लागतो.

केकच्या वाटेला जाऊ नका. केकला एकसारखी मंद आच लागते आणि विटांची भट्टी मध्येच कमी-जास्त करता येत नाही. वरून तडकतो, आतून कोरडा. बिस्किटंही बेताचीच. श्रूजबेरीसाठी ईस्ट स्ट्रीटवर 1955 पासूनची कयानी आहेच.

जिरा बटर जरूर घ्या. मिसळीबरोबर स्लाइसच हवी असणाऱ्यांना (पुण्यात त्यांची संख्या कमी नाही) इथे अख्खा ब्रेड मिळतो, कापून देत नाहीत. घरी कापायचा तर पूर्ण निवू द्या, गरम कापला की सुरीला चिकटतो.

ब्रून कागदातच बांधून मागा. प्लास्टिकमध्ये वाफ कोंडून साल तासाभरात चिवट होते. फ्रिजमध्ये पाव लवकर शिळा होतो, त्यापेक्षा फ्रीजरमध्ये टाका. खाताना पाण्याचा हलका हबका मारून जाड तव्यावर झाकण ठेवून पाच मिनिटं, मग झाकण काढून दोन.