औषधांच्या फ्रीजसाठी घेतलेला डेटा लॉगर : एका पावसाळ्यानंतर

खानापुरात आमचं मेडिकल आहे. गावातल्या एका प्रसूतिगृहालाही औषधं आम्हीच देतो. इन्सुलिन, रेबीज आणि धनुर्वाताच्या लशी, ऑक्सिटोसिन हा सगळा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचा माल. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे झाड पडलं की लाईट कधी येईल सांगता येत नाही, म्हणून यूएसबीचा डेटा लॉगर घेतला. दर दहा मिनिटांनी तापमान टिपतो, लॅपटॉपला लावला की आलेख हातात.

फ्रीजची धास्ती होती, पण फ्रीज चांगला निघाला. आत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात. दार उघडलं नाही तर लाईट जाऊनही तापमान हळूहळू चढतं. दाराच्या कप्प्यात मात्र ते सारखं वर-खाली होतं. तिथे आता औषध ठेवत नाही.

खरी गोष्ट कळली ती लॉगर बेळगावहून येणाऱ्या मालाच्या डब्यात ठेवला तेव्हा. एका खेपेला रेघ चक्क शून्याखाली गेली होती! फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक इन्सुलिनच्या खोक्याला थेट चिकटून होता. उन्हाची भीती सगळ्यांना असते, गारठ्याची कुणालाच नाही. वापरायला काढलेलं बहुतेक इन्सुलिन खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालतं. पण एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं, मग दिसायला कितीही स्वच्छ असो. धनुर्वाताच्या लशीचंही तेच. सरकारी लशीच्या कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही.

पुरवठादार आधी म्हणाला, "बर्फ घातलाय की, अजून काय पाहिजे?" आलेख समोर ठेवल्यावर गप्प झाला आणि माल बदलून दिला. आता त्याचा पोरगा पॅक बाहेर काढून ठेवतो, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरतो, मध्ये पुठ्ठा घालतो. तेव्हापासून रेघ जागेवर आहे.

ऑक्सिटोसिनबाबत मी जास्तच कडक झालोय. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणणारं हे औषध उष्णतेने कमजोर होतं आणि अँप्यूल (इंजेक्शनची काचेची बंद कुपी) बघून काहीच समजत नाही. लांबच्या वाडीतून बाई आणतात, तेव्हा दुसरी अँप्यूल शोधायला वेळ नसतो.

उणिवाही सांगतो. अलार्म नुसता पिकपिकतो, मोबाईलवर काही येत नाही. रात्री दुकान बंद असताना त्याचा उपयोग शून्य. स्क्रीन बारीक आहे. कॅलिब्रेशनचं, म्हणजे लॉगर तापमान बरोबर दाखवतो का हे तपासल्याचं, सर्टिफिकेट सोबत मिळतंय का ते घेतानाच विचारा, नंतर करून घ्यायचं तर वेगळे पैसे आणि लॉगर तितके दिवस हाताशी नाही. फ्रीजसाठी बाहेरून वाचता येणारा, वायरच्या सेन्सरचा घ्या, म्हणजे आकडा बघायला दार उघडावं लागत नाही. डब्यासाठी हा छोटाच बरा, मी दुसरा मागवलाय.