अल्फाफोल्ड डेटाबेस: घडी दिसते, रसायन आपण भरायचं

अल्फाफोल्ड डेटाबेस म्हणजे संगणकाने वर्तवलेल्या प्रथिनांच्या रचनांचा साठा. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि प्रथिनाचं नाव टाकलं की रचना लगेच पडद्यावर फिरायला लागते. गूगलची एआय कंपनी डीपमाइंड आणि युरोपातली जैवमाहिती संस्था ईएमबीएल-ईबीआय यांनी जुलै २०२१ मध्ये हा साठा खुला केला, वर्षभरात तो २० कोटी रचनांच्या पुढे गेला. बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांसाठी याहून चांगलं साधन शोधून सापडणार नाही. पण इथे दिसते ती अमिनो आम्लांच्या साखळीची वर्तवलेली घडी. प्रथिन ज्याच्या जोरावर काम करतं ते बरंचसं रसायन या चित्रात नसतंच. हे न सांगता मुलांना लिंक पाठवली की प्रॅक्टिकलच्या वहीत गमतीजमती उतरतात.

नावाने शोधू नका, युनिप्रॉटचा (प्रथिनांच्या नोंदींच्या साठ्याचा) क्रमांक टाका. नुसतं ‘इन्सुलिन’ लिहिलं तर उंदरापासून माशापर्यंत सगळ्यांचं येतं. माणसाचं हवं तर पी०१३०८.

हे पान उघडल्यावर पहिला धक्का बसतो. पुस्तकात इन्सुलिन म्हणजे २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. इथे ११० ची एकच. कारण हा साठा जनुकावरून वाचलेली आख्खी साखळी घेतो, पेशीने पुढे केलेली कापाकापी नाही. पहिले २४ हा सिग्नल पेप्टाइड, २५ ते ५४ बी साखळी, ५७ ते ८७ सी-पेप्टाइड, ९० ते ११० ए साखळी. मधल्या दोन-दोनच्या जोड्यांपैकी ५५-५६ ही आर्जिनिन-आर्जिनिनची आणि ८८-८९ ही लायसिन-आर्जिनिनची. कात्री तिथेच चालते. म्हणजे पुस्तकातला ए७ (ए साखळीतला सातवा) इथे ९६ होतो आणि बी७ होतो ३१. ही बेरीज चुकली की पुढचं सगळं चुकतं.

आता गंधकाचे पूल. सिस्टीनच्या जोड्या ३१-९६, ४३-१०९ आणि ९५-१००. दोन्ही गंधक अणूंवर क्लिक करून अंतर मोजा. २ अँग्स्ट्रॉमच्या आसपास आलं तर पूल धरायला हरकत नाही. साडेतीन-चार आलं तर बाजूच्या साखळ्या नीट वळलेल्या नाहीत एवढंच समजायचं, पूल नाही असा निष्कर्ष काढायचा नाही. सी-पेप्टाइड आणि सिग्नलचा भाग कमी खात्रीच्या रंगात सैल पडलेला दिसेल. तो आकार वहीत काढू नका.

रंगांचा, म्हणजे १०० पैकी खात्रीच्या गुणांचा, हिशेब असा: गडद निळा ९० च्या वर, फिकट निळा ७० ते ९०, पिवळा ५० ते ७०, नारिंगी ५० च्या खाली. हे आकडे अचूकतेची टक्केवारी नव्हेत, मॉडेलची स्वतःबद्दलची खात्री आहे. नारिंगी शेवया दिसल्या की बरेचदा तो भाग एकट्याने घडीच घालत नसतो. रामचंद्रन आलेख शिकवायला असे भाग घेऊ नका; तिथले फाय-साय कोन (साखळीच्या कण्याच्या वळणांचे) काहीही निघतात. १९६३ चा मद्रासचा तो आलेख दाखवायचा तर गडद निळी वेटोळी (अल्फा हेलिक्स) घ्या, ठिपके कसे एका जागी गोळा होतात ते पाहण्यासारखं असतं.

पानावर खाली हिरवा चौकोन असतो, प्रथिनाच्या भागांच्या परस्पर जागेबद्दलची खात्री दाखवणारा; त्याकडे बहुतेक जण ढुंकूनही बघत नाहीत. प्रथिनाचे दोन भाग आपापल्या जागी गडद निळे असले, तरी एकमेकांच्या संदर्भात कुठे आहेत याचा भरवसा नसू शकतो. कर्णापासून दूरचा पट्टा फिकट दिसला तर त्या दोन भागांमधलं अंतर मोजण्यात अर्थ नाही.

फाइल उतरवून पायमॉलमध्ये (रचना बघायच्या प्रोग्रामात) उघडली की आणखी एक घोळ. स्फटिकरचनेत ज्या रकान्यात बी-फॅक्टर (अणू किती डळमळतो त्याचा आकडा) असतो, तिथे इथे खात्रीचा आकडा भरलेला असतो. बी-फॅक्टर कमी तर चांगलं, हा जास्त तर चांगलं. नेहमीच्या रंगक्रमाने रंगवलं तर पक्का भाग लालभडक आणि सैल भाग निळा दिसतो. रंगक्रम उलटा करायचा.

सगळ्यात मोठी उणीव हिमोग्लोबिनमध्ये कळते. बीटा साखळी, पी६८८७१, उघडा. वेटोळी सुरेख, पण हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोहाचा गट, गायब. लोह नाही, त्याला धरणारा हिस्टिडीन मात्र रिकाम्या खिशाकडे तोंड करून उभा (पुस्तकात ९२, इथे सुरुवातीच्या मेथिओनिनमुळे ९३). चार साखळ्यांचा संच नाही, म्हणून ऑक्सिजन धरताना होणारी हालचालही नाही. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल शिकवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. पुस्तकातल्या सहाव्या (इथे सातव्या) ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन टाकून मॉडेल पुन्हा चालवलं तरी घडी जवळपास तशीच येते. बिघाड एका साखळीच्या आत नाहीच. भार गेलेला, पाण्याला नको असलेला तो व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या फिनाइलअॅलॅनिन ८५ आणि ल्युसिन ८८ च्या (हे पुस्तकातले क्रमांक) खाचेत बसतो आणि धागे तयार होतात. ते बघायला पीडीबीमधली (प्रयोगाने ठरवलेल्या रचनांच्या साठ्यातली) २एचबीएस ही स्फटिकरचनाच घ्या. इन्सुलिनसाठी ४आयएनएस, ते डुकराचं आहे, पण पूल आणि जस्त दोन्ही दिसतात.

हीमसकट चार साखळ्या हव्याच असतील तर अल्फाफोल्ड सर्व्हर ही वेगळी सोय आहे. गूगल खातं लागतं, व्यापारी वापराला मनाई, रोजच्या कामांवर मर्यादा. दोन अल्फा, दोन बीटा, चार हीम असं भरायचं; हीमचा आकडा विसरलात तर खिसे पुन्हा रिकामे.

स्नायूतल्या टायटिनसारखी अवाढव्य साखळी साठ्यात अखंड मिळत नाही. माणसाची २,७०० अमिनो आम्लांपेक्षा लांब प्रथिनं १,४०० च्या तुकड्यांत आहेत, तीही आख्ख्या प्रोटिओमच्या (माणसाच्या सगळ्या प्रथिनांच्या) मोठ्या फाइलमध्ये. मोबाइल डेटावर ती उतरवायला घेऊ नका.