जुन्या ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल: बदलायचं की राहू द्यायचं?

गाडी दीड लाख किलोमीटर पळालीय, आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं काय माहीत, आणि फोंड्याला विचारा नाहीतर म्हापशाला, एक मेकॅनिक म्हणणार हात लावू नका, दुसरा म्हणणार आजच बदला.

हात न लावण्यामागे कारण आहे. क्लच प्लेटी झिजून त्यांची पूड ऑइलात मिसळलेली असते, कधीकधी त्या पुडीच्या घर्षणावरच दमलेला क्लच कसाबसा पकड धरून असतो, मग नवीन ऑइल टाकलं की गाडी स्लिप व्हायला लागते, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी तेवढी ओढत नाही, आणि सगळे ऑइलला शिव्या घालतात. खरं तर गिअरबॉक्स आधीच गेलेला असतो.

पण गिअर नीट पडत असतील तर माझं मत बदलाच. आपल्याकडे चोर्ला नाहीतर अनमोड घाट चढताना ऑइल चांगलंच तापतं, आणि तापून तापून त्याचा दम जातो. फक्त मशीन लावून फ्लश नको, म्हणजे दाबाने सगळं जुनं ऑइल ढकलून काढणं नको, साधं ड्रेन करून (खालून सोडून) भरा. त्यात निम्म्याच्या आसपासच ऑइल बदलतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) वगैरेमध्ये राहतं, म्हणून काही दिवसांनी परत एकदा करायचं.

आधी थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकून बघा. तपकिरी असेल तर चालेल, काळं आणि करपल्याचा वास असेल किंवा चमचमते धातूचे कण दिसले तर बदलून फार फायदा नाही, गिअरबॉक्सच्या खर्चाची तयारी ठेवा. पावसात गाडी पाण्यात गेली असेल आणि ऑइल दुधाळ गुलाबी झालं असेल तर मात्र विचार करत बसू नका, पाणी आत गेलंय, लगेच काढा. आणि सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेली, पट्टा-पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर तिचंच ऑइल, दुसरं चालत नाही.